‘झुंड’ आणि शाळा सुटल्यानंतरचे तास

या मालिकेत शाळेच्या आत काय घडतं यावर बरंच बोलणं झालं आहे. आज आम्हांला शाळा सुटल्यानंतरच्या तासांबद्दल बोलायचं आहे. संध्याकाळी पाच ते साडेआठ, रविवारची अख्खी दुपार, मे महिन्यातले ते लांबलचक दिवस. हे तास कोणाचे असतात? ज्या घरात परवडतं तिथे ते क्लासचे, तबल्याचे, पोहण्याचे असतात. ज्या घरात परवडत नाही तिथे ते रस्त्याचे असतात. आणि ज्या मुलांचं शाळेवरून मनच उठलंय, त्यांच्या बाबतीत तर शाळेचे तासही हळूहळू रस्त्याचेच होऊन जातात.

‘मन उठणं’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय. आपल्याकडे ‘शाळाबाह्य’ असा एक सरकारी शब्द आहे. पण आपण ज्या मुलांबद्दल बोलतोय त्यांतली पुष्कळ मुलं कागदावर शाळाबाह्य नाहीतच. त्यांची नावं पटावर आहेत. ‘असर’चा चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलांबद्दलचा २०२३चा अहवाल बघा. या वयातली ८६.८ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या शिक्षणसंस्थेत दाखल आहेत. आणि त्याच अहवालात पुढे असंही आहे की, सुमारे पंचवीस टक्के मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सरळ वाचता येत नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवा. म्हणजे मूल वर्गात बसलेलं आहे, हजेरी लागलेली आहे, आणि तरी ते तिथे नाही. अशा मुलाला आपण काय म्हणतो? ‘आवड नाही हो त्याला शिकायची.’

हे वाक्य खरं आहे का, हे तपासायला आम्ही आज एक चित्रपट घेतला आहे. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’. ४ मार्च २०२२ला तो चित्रपटगृहांत आला. हिंदी चित्रपट, पण माती नागपूरची. तो विजय बारसे यांच्या कामावर आधारलेला आहे. बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडा विषयाचे प्राध्यापक होते. पावसात वस्तीतली मुलं एक फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली आणि त्यातून २००१मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. पुढे हेच काम ‘स्लम सॉकर’ या नावानं जगाला माहीत झालं. चित्रपटात या माणसाचं नाव विजय बोराडे आहे आणि ती भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली आहे.

तुम्ही म्हणाल, चित्रपटाची समीक्षा शिक्षणाच्या व्यासपीठावर कशाला? कारण साधं आहे. आम्ही तिघं-चौघं मिळून पुण्यातल्या एका वस्तीत संध्याकाळचा वर्ग चालवतो. खेळ, नाटुकली, वाचन, थोडं गणित, असं सगळं. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे जे तरुण स्वयंसेवक आले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ‘झुंड’ पाहिलेला होता. या कामाचं त्यांच्या डोक्यातलं चित्र त्या चित्रपटानं काढलेलं होतं. ते चित्र कितपत खरं आहे, हा म्हणूनच आमच्या धंद्याचा प्रश्न झाला.

आधी जे बरोबर आहे ते सांगतो, आणि ते पुष्कळ आहे.

चित्रपटाच्या सुरुवातीची मुलं आठवा. कोणी साखळी ओढतो, कोणी मालगाडीतला कोळसा काढतो, कोणी नशेत आहे. त्यांचा म्होरक्या डॉन, म्हणजे अंकुश. ही भूमिका अंकुश गेडाम यांनी केली. बाकीचीही बहुतेक मुलं नागपूरच्या वस्त्यांतून आलेली, कॅमेऱ्यापुढे कधी उभी न राहिलेली. बोराडे सरांना ही मुलं पावसात प्लास्टिकचा डबा लाथाडताना दिसतात. दुसऱ्या दिवशी ते फुटबॉल घेऊन येतात आणि सांगतात, अर्धा तास खेळा, पाचशे रुपये देतो. मुलं खेळतात, पैसे घेतात. असे काही दिवस जातात. मग एक दिवस सर म्हणतात, आज पैसे नाहीत. आणि मुलांच्या लक्षात येतं की, आता पैशाशिवायही खेळायचंच आहे.

या प्रसंगावर आमच्यात भांडण झालं होतं. एकीचं म्हणणं, ही लाच आहे. मुलांना पैसे देऊन शिकायला बसवणं म्हणजे चुकीच्या पायावर घर बांधणं. आम्हां बाकीच्यांचं म्हणणं वेगळं पडलं, आणि शेवटी तीही बरीचशी इकडे आली. त्या मुलांच्या वेळाला भाव होता, हे आधी लक्षात घ्या. त्या अर्ध्या तासात त्यांनी काहीतरी विकलं असतं, उचललं असतं, आणून घरी दिलं असतं किंवा उडवलं असतं. ज्याच्या वेळाला भाव आहे त्याला ‘फुकट शिकवतो, ये’ असं म्हणणं हे फुकट नसतंच. बोराडे सर त्या वेळाची किंमत मोजतात. या एका गोष्टीनं ते आपल्या बहुतेक उपक्रमांपेक्षा प्रामाणिक ठरतात. आमच्या वर्गात एक मुलगा आठवड्यातले चार दिवस येत नसे. आम्ही वहीत ‘अनियमित’ असं लिहीत होतो. तो संध्याकाळी अंडाभुर्जीच्या गाडीवर कांदा चिरायचा. अनियमित आमचा वर्ग होता, त्याची नोकरी अगदी नियमित होती!

दुसरी गोष्ट. बोराडे सर मुलांना कुठे बोलावत नाहीत, ते मुलांकडे जातात. आणि मुलं जे आधीच करत होती, तिथून सुरुवात करतात. डब्याच्या जागी चेंडू, एवढाच फरक. आपल्या मातीत ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं गुरं घेऊन रानात जायची, शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळा कुरणात गेली. त्याच्याही कितीतरी आधी, १८५५मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवसा हात रिकामे नसतात, तर रात्री शिकू. या सगळ्यात एक समान धागा आहे. शिकणाऱ्यानं वेळापत्रकात बसायचं, की वेळापत्रकानं शिकणाऱ्याच्या दिवसात बसायचं? उत्तर दुसऱ्या बाजूनं देणारी माणसं थोडी असतात. बोराडे सर त्यांतले.

तिसरी गोष्ट आम्हांला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि तिच्यावर फारसं कोणी बोलत नाही. सर मुलांना आपल्या घरी बोलावतात, बसवतात आणि एकेकाला स्वतःबद्दल बोलायला सांगतात. आधी चेष्टा चालते, मग एकेक जण बोलू लागतो. घर, बाप, मार, भूक. सर मध्ये उपदेश करत नाहीत. ऐकतात. बघा, या मुलांनी मोठ्या माणसांपुढे आजवर तोंड उघडलं ते जाब देण्यासाठी. चौकीत, वर्गात, दुकानदारापुढे. आपली गोष्ट सांगायला नव्हे. आपल्यावर काय गुजरलं ते क्रमानं सांगता येणं, समोरच्याला कळेल असं सांगता येणं, हे शिक्षण आहे. भाषेच्या तासाला आपण याच्यासाठीच तर धडपडतो. आमच्या मते ‘झुंड’मधला खरा वर्ग मैदानात भरत नाही, तो त्या खोलीत भरतो.

आता तक्रारीकडे वळू.

पहिली तक्रार अशी की, या जवळपास तीन तासांच्या चित्रपटात साधा मंगळवार नाही. सामना आहे, स्पर्धा आहे, जयंतीचा जल्लोष आहे, अजय-अतुल यांचं संगीत आहे. पण ज्या मंगळवारी तीनच पोरं आली, चेंडूतली हवा गेलेली होती, दोघं भांडून निघून गेले आणि उरलेल्या एकाशी गप्पा मारून सर घरी गेले, तो मंगळवार कुठे आहे? हे काम म्हणजे असे शेकडो मंगळवार. खऱ्या झोपडपट्टी फुटबॉलची सुरुवात २००१ची, आणि होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा संघ उतरला तो २००७मध्ये, कोपनहेगनला. मधली सहा वर्षं चित्रपटात काही दृश्यांत संपतात. चित्रपटाला वेळेचं बंधन असतं, हे आम्हांला कळतं. पण याच चित्रपटात जयंतीच्या मिरवणुकीला निवांत वेळ दिलेला आहे, आणि तो योग्यच दिला आहे. मग शिकण्याला का नाही? डबा लाथाडणारी पोरं पास द्यायला कशी शिकली? स्वतः गोल मारायची संधी सोडून दुसऱ्याला चेंडू देणं हे डॉनसारख्या मुलाला किती अवघड गेलं असेल! शिट्टी वाजली की थांबायचं, हे किती वेळा मोडलं असेल! ते आपल्याला दिसत नाही. मुलं चांगली खेळू लागतात, एवढंच दिसतं.

याचा परिणाम काय होतो ते आम्ही आमच्या अंगणात पाहिलं. स्वयंसेवक उत्साहानं येतात. पहिल्या पंधरवड्यात बदल दिसला नाही की त्यांना वाटतं, आपलं काहीतरी चुकतंय, किंवा ही मुलंच तशी. मग येणं कमी होतं. आणि मुलांच्या अनुभवात आणखी एका मोठ्या माणसाची भर पडते, जो आला आणि गेला.

दुसरी तक्रार एकट्या नायकाची. पडद्यावर अमिताभ बच्चन असले की बाकी सगळे मागे सरकणार, हे ओघानं आलं. खरं म्हणजे त्यांनी ही भूमिका आवाज न चढवता केली आहे, त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. पण या कामाचा खरा इतिहास एकट्याचा नाही. बारसे सरांचे चिरंजीव अभिजित यांनी पुढे त्यात स्वतःला घातलं, संस्था उभी राहिली, मुलींसाठी वेगळं काम सुरू झालं, फुटबॉलच्या खेळातून गणितासारखे विषय शिकवण्याच्या पद्धती बसवल्या गेल्या. २०१६मध्ये या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. म्हणजे एका माणसाच्या चांगुलपणाचं रूपांतर पद्धतीत झालं, जी दुसऱ्याला शिकवता येते. आम्हांला विचाराल तर खरी गोष्ट तीच आहे. चांगला माणूस निवृत्त होतो, आजारी पडतो. पद्धत असेल तर उद्याचा वर्ग भरतो.

तिसरी गोष्ट ही तक्रार आहे की कौतुक, हे आमचं आम्हांलाच अजून नीट ठरवता आलेलं नाही. ती आहे शाळेबद्दल.

मंजुळे यांच्या चित्रपटांत शाळा कशी येते ते पाहा. ‘फँड्री’मध्ये शाळेच्या भिंतीवर समाजसुधारकांची चित्रं आहेत आणि त्या भिंतीसमोरून जब्याचं कुटुंब डुक्कर बांधून नेतं आहे. ‘सैराट’मध्ये भर वर्गात शिक्षकाच्या कानाखाली बसते आणि सगळं कॉलेज बघत राहतं. आणि ‘झुंड’मध्ये वस्ती आणि कॉलेज यांच्यामध्ये एक उंच भिंत आहे. या तिन्ही ठिकाणी शाळा वाईट नाही. ती फक्त कामाला येत नाही. ज्या मुलाला तिची सर्वांत जास्त गरज आहे, नेमकं त्याच्यापर्यंत तिचा हात पोचत नाही.

‘झुंड’मध्ये वस्तीची मुलं कॉलेजच्या संघाशी खेळतात. टाळ्या पडतात. आम्हीही वाजवल्या. पण नंतर प्रश्न पडला की, सामना झाल्यावर त्या कॉलेजनं काय केलं? भिंतीत एखादं दार पाडलं का? संध्याकाळी मैदान उघडं ठेवलं का? चित्रपट हे विचारत नाही. बोराडे सर त्याच कॉलेजचे, पण त्यांचं सगळं काम भिंतीच्या पलीकडे. इथे शाळेबाहेरच्या उपक्रमांचा एक मोठा धोका दिसतो. असे उपक्रम चांगले चालले की शाळेला सुटका मिळते. ‘ती मुलं ना, ती त्या संस्थेकडे जातात संध्याकाळी.’ म्हणजे सकाळी त्यांचं काय करायचं हा प्रश्नच मिटला! शिक्षणहक्काचा कायदा २००९चा. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाची जबाबदारी त्यानं शासनावर टाकली. संध्याकाळचा कुठलाही वर्ग, आमचासुद्धा, ही जबाबदारी उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवणारा नसावा.

पण त्याच वेळी चित्रपटाचा उत्तरार्ध असं काही करतो की आम्ही गप्प होतो. संघ निवडला जातो, परदेशी जायचं ठरतं आणि कथा मैदानातून बाहेर पडून कचेऱ्यांत शिरते. पासपोर्ट हवा. त्यासाठी ओळख हवी. आदिवासी गावातली मोनिका, म्हणजे रिंकू राजगुरू, आणि तिचे वडील ओळखीचा पुरावा मिळवायला या दारातून त्या दारात फिरतात. आपण याच देशाचे, हे त्यांना कागदावर सिद्ध करता येत नाही. डॉनच्या नावावर पोलिसांत नोंद, म्हणून त्याचं प्रकरण न्यायालयात जातं. काही समीक्षकांना हा भाग लांबलेला वाटला. आम्हांला तो चित्रपटाचा कणा वाटतो. पूर्वार्धात आपण समजत होतो की प्रश्न मुलांच्या आवडीचा आहे. आवड लागली, मेहनत झाली, शिस्त आली. आणि नेमकं तेव्हा कळतं की अडथळा तिथे नव्हताच. मुलांनी आपल्या बाजूचं सगळं केलं, आता दार उघडायचं होतं ते दुसऱ्या कोणी.

म्हणून ‘आवड नाही हो त्याला’ हे वाक्य आम्ही आता उलटं वाचतो. त्याला आमच्यात रस नाही, की आम्हांला त्याच्यात? हात आधी कोणी सोडला?

आता थोडं आमच्याबद्दल, कारण दुसऱ्याच्या चित्रपटावर बोलणं सोपं असतं.

आम्ही वर्गातल्या मुलांना ‘झुंड’ दाखवला. शिट्ट्या, नाच, सगळं झालं. संपल्यावर एक चौदा वर्षांचा मुलगा, जो एरवी मागे बसतो, म्हणाला, “दादा, टीम गेली. पण ज्यांचं नाव नाही आलं, ते काय करतात आता?” आम्ही काहीतरी बोललो. ते खेळत असतील, पुढच्या वर्षी जातील, असं. त्यानं मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

प्रश्न बरोबर होता. होमलेस वर्ल्ड कपमध्ये एका वेळी संघाचे चौघं मैदानात असतात, आणि संघ आठ जणांचा. वस्तीत पोरं किती? चित्रपट जाणाऱ्यांची गोष्ट सांगतो. विमान उडतं आणि आपण विमानाबरोबर जातो. खाली राहिलेला मुलगा कोणाच्याच नजरेत नाही.

आणि मग आम्हांला आमचा डिसेंबर आठवला. एका कार्यक्रमासाठी आम्ही नाटुकलं बसवलं होतं. पाहुणे येणार होते, मदत देणारे होते. आम्ही स्वच्छ बोलणारी, लवकर पाठ करणारी सात मुलं निवडली. बाकीच्यांना म्हटलं, तुम्ही टाळ्या वाजवा, पडद्याचं बघा. नाटुकलं छान झालं. फोटो निघाले. जानेवारीत एक मुलगी येईनाशी झाली. तिच्या आईला विचारलं तर आई म्हणाली, “ती म्हणते, तिथं पण शाळेसारखंच आहे.” यापेक्षा कडक परीक्षण आमच्या कामाचं कोणी केलेलं नाही. शाळेत जी मुलगी मागच्या बाकावर होती, तिला आम्ही पुन्हा मागेच बसवलं, फक्त बाकाऐवजी सतरंजीवर.

तेव्हापासून आम्ही स्वतःला काही प्रश्न विचारतो आणि तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. तुम्ही असं काम करत असाल, किंवा अशा कामाला पैसे देत असाल, तर उपयोगी पडतील.

जो निवडला गेला नाही, त्याच्यासाठी इथे काय आहे? दोन महिने गायब झालेलं मूल परत आलं, तर त्याला माफी न मागता आत येता येतं का? मुलाला आपली प्रगती स्वतःच्या डोळ्यांनी दिसते का, की ती फक्त आमच्या अहवालात असते? आज शिकवणारा माणूस उद्या नसला तर वर्ग भरेल का? आणि महिन्यातून एकदा तरी आम्ही त्या मुलाच्या शाळेत जाऊन त्याच्या बाईंशी बोलतो का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. बाईंच्या वर्गात साठ मुलं असतात, त्यांना वेळ नसतो, आणि आम्हीही भीतभीत जातो. पण त्या कांदा चिरणाऱ्या मुलाबद्दल त्याच्या बाईंना काहीच माहीत नव्हतं. कळल्यावर त्यांनी त्याला सकाळच्या पहिल्या तासाला झोप आली तर बोलायचं नाही, एवढं ठरवलं. गोष्ट लहान, पण त्याचं शाळेत जाणं टिकलं. भिंतीला पडलेली एवढीशी फट.

‘झुंड’चा शेवटही भिंतीवरच होतो. त्याआधी विमानतळावरचा तो प्रसंग आहे. तपासणीत डॉन अडतो, कारण त्याच्या खिशात ब्लेड आहे. इतकी वर्षं तेच त्याचं संरक्षण होतं. ते टाकल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही, आणि तो टाकतो. पुष्कळांना यात मुलाचा बदल दिसतो. आम्हांला त्यात एक व्यवहारही दिसतो. ब्लेड टाकायला लावणाऱ्यांवर त्या बदल्यात काही देणं येतं. खिसा रिकामा करून घेतलात, आता त्यात काय घालणार? पुढे विमान वर जातं, खाली ती भिंत तशीच उभी असते आणि ती ओलांडायला मनाई असल्याचं तिच्यावर लिहिलेलं असतं. दिग्दर्शकानं भिंत पाडली नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. खोटा दिलासा त्यानं दिला नाही.

एकूण आमचं मत असं. ‘झुंड’ पाहावा, मुलांबरोबर पाहावा, शिक्षकांबरोबर तर जरूर पाहावा. मुलांकडे कसं जावं, हे तो फार सुंदर दाखवतो. मुलांबरोबर कसं राहावं, हे तो दाखवत नाही, ते मंगळवारी शिकावं लागतं. आणि त्या मागे बसणाऱ्या मुलाचा प्रश्न चित्रपटानं जसा उघडा सोडला तसाच तो आमच्यापुढेही उघडा आहे. ती मुलगी मार्चमध्ये दोनदा येऊन दारात उभी राहून गेली. अजून आत आलेली नाही. सतरंजी आम्ही आता गोलात घालतो.

इथे थांबतो.